कवडसा धरणारी भागीबाई

शॉपच्या वर्धापनदिनाचं पुस्तक निघतंय. शेठचा मुलगा घरी आला, पेढ्यांचा पुडा ठेवला आणि म्हणाला, ‘‘नाना, तुमचा एक लेख पाहिजे.’’ मला वाटलं, सगळी उमर लेथवर काढली, आता माझ्या कामाबद्दल विचारणार. मी खुर्चीत सरसावून बसलो. तर पोरगा म्हणतो, ‘‘भागीबाईंवर लिहा. त्यांना तुमच्याइतकं जवळून कोणी पाहिलेलं नाही.’’

उचललेला पेढा मी परत पुड्यात ठेवला. तरी लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस, पण दुसऱ्या कोणाच्या हातात हे काम गेलं तर तो तिची देवी करून ठेवील. ती देवी नव्हती. लय आडमुठी बाई होती.

आमचं शॉप म्हणजे मशीनशॉप, अंबड एमआयडीसीत. आत काय बनतं ते शेजारच्या खोके बनवणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. आम्ही क्षेपणास्त्राच्या नाकाची रिंग करायचो. रणगाड्याच्या तोफेतून सुटतं आणि समोरचा रणगाडा फोडतं, ते क्षेपणास्त्र. पेपरात आलंय तेवढंच लिहितो, बाकीचं लिहायची परवानगी नाही. त्याच्या नाकाला काच असते. त्या काचेतून त्याला दिसतं. ती काच ज्या रिंगमध्ये बसते, ती रिंग माझी.

रिंग पापडासारखी पातळ. लेथच्या चकात, म्हणजे पकडीत, जरा जास्त आवळली की अंडाकार होते, आणि ते आवळलेलं असताना कळत नाही, सोडल्यावर कळतं. कॉम्प्युटरवर चालणाऱ्या नव्या सीएनसी मशीनवर पहिला लॉट घेतला, तो अख्खा भंगारात गेला. मग शेठ माझ्या जुन्या लेथपाशी आले. शेवटचा हात मीच मारायचा असं तेव्हापासून ठरलं. किती आवळायचं ते मनगटाला कळतं. मी एवढ्या रिंगा केल्या, पण त्या कुठं जातात, काय करतात, ते कधी पाहिलं नव्हतं. एकदा डोळ्यांनी बघायचं, एवढीच माझी इच्छा होती. शेठना मी तसं चारदा बोलून दाखवलं होतं.

भागीबाई शॉपमध्ये आली ती झाडू मारायला. सुरगाण्याकडची. नवरा द्राक्षाच्या बागेत मजुरीला यायचा, तो वारला, ही इकडंच राहिली. काळी, सडसडीत, उजव्या हातात बांगडी नाही. डबा उघडला की नागलीची भाकरी आणि लसणाची चटणी, बाराही महिने तेच. बोलायला लागली की मान खाली आणि बोट चालू. करंगळीशेजारचं बोट. चहाच्या ग्लासाची कड, टेबलाची कड, डब्याचं झाकण, जे समोर येईल त्याच्या कडेवरून ते बोट फिरत राहायचं. तिला ते ठाऊकही नसावं.

एकदा लेथखालचा बुरादा झाडताना तिनं माझ्या ट्रेमधली रिंग उचलली, बोट फिरवलं आणि म्हणाली, ‘‘नाना, हितं टोचतंय.’’

मी मायक्रोमीटर लावून तिच्यासमोर धरला. ‘‘हे वाचता येतं का?’’

‘‘नाय.’’

‘‘मग झाडू मार.’’

ती गेली. जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी भिंग काढलं. कडेला बर होती. बर म्हणजे कापताना राहिलेली धातूची कूस. केसाहून बारीक, पण होती. मी ती काढली आणि कोणाला काही बोललो नाही. त्या दिवसापासून ती बाई माझ्या डोळ्यांत सलायला लागली.

पुढं शेठच्या ध्यानात आलंच. त्यांनी तिला विचारलं, हे कुठं शिकलीस? तर म्हणे, ‘‘नागली निवडताना. दाणा केवढा आन् खडा केवढा, दोन्ही सारखंच. घरात उजेड नसायचा. मग बोटानंच निवडायची.’’ शेठनी झाडू दुसऱ्या बाईला दिला आणि भागीबाईला तपासणीच्या टेबलावर बसवलं. तिला पांढरा कोट दिला. मला इतक्या वर्षांत खाकीच.

टेबलावर बसल्यापासून तिचं एक नवंच सुरू झालं. घरी स्वयंपाक करताना त्या बोटाला ती चिंधी बांधायची, तव्याचा चटका बसून कातडं निबर होऊ नये म्हणून. मी तिला सर्वांसमोर म्हणालो, ‘‘बाई बोटाला लुगडं नेसवते.’’ लोक हसले. ती पण हसली, आणि दुसऱ्या दिवशी चिंधी सोडायची विसरून तशीच कामाला आली.

रिंगांना ती लेकी म्हणायची. पास झालेली रिंग कापडात गुंडाळताना पुटपुटायची, ‘‘ही नांदंल.’’ बाद झाली की बाजूला ठेवून, ‘‘ही नाय नांदायची, हिला माघारी पाठवा.’’ माघारी म्हणजे माझ्याकडं. संदीप नावाचा सीएनसीवाला पोरगा लांबून ओरडायचा, ‘‘नाना, लेक आली माहेरी!’’ माझं डोकं फिरायचं.

ह्याच संदीपनं एकदा चुकीचं टूल लावून अर्धा लॉट घालवला. मला आयतीच संधी मिळाली. सीएनसी, सीएनसी म्हणून नाचणाऱ्यांचं तोंड बंद करायचं होतं. मी भागीबाईच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, ‘‘रिपोर्टात पोराचं नाव लिहा.’’

तोपर्यंत ती लिहायला शिकली होती. अक्षर मोठं, लहान मुलासारखं. तिनं कागद माझ्यापुढं सरकवला. ‘‘कुठं लिहू? पिसाचा नंबर, दोष काय, पास का बाद. तीन खण हायेत. नावाचा खण नाय.’’

‘‘खाली लिहा, जागा आहे.’’

‘‘ती सहीची जागा. तिथं माझं नाव येतं.’’

मी पुष्कळ तणतणलो. तिनं बोट एकदा कागदाच्या कडेवरून फिरवलं आणि पुढची रिंग उचलली. आडमुठी म्हणतो ती अशी.

मग एकदा ज्यांच्यासाठी आम्ही काम करायचो त्यांचे एक साहेब आले. शेठनी सर्वांना गोळा केलं. साहेब अर्धा तास हिंदी-इंग्रजीत बोलले. आम्ही माना डोलावल्या. साहेब गेल्यावर चहा आला, आणि संदीप म्हणाला, ‘‘कोणाला काही समजलं का?’’ 

भागीबाई उठली. माझ्या टूलबॉक्समधली स्टीलची पट्टी तिनं न विचारता घेतली आणि खिडकीतून येणाऱ्या उन्हात धरली. समोरच्या भिंतीवर कवडसा पडला. आमच्या शॉपमध्ये एक बोका होता, उंदरांसाठी ठेवलेला. त्यानं कवडसा बघितला आणि झेप घेतली.

‘‘हे आपलं क्षेपणास्त्र,’’ ती म्हणाली. ‘‘कवडसा आपल्या रणगाड्यातला लेसरचा दिवा टाकतो, समोरच्या रणगाड्यावर. आपल्या डोळ्याला तो दिसत नाय. ह्याला नाकातल्या काचंतून दिसतो. कवडसा जिथं, तिथं हा.’’

संदीप म्हणाला, ‘‘आणि रणगाडा पळाला तर?’’

तिनं पट्टी हळूच वळवली. कवडसा भिंतीवरून सरकला, बोका त्याच्यामागं वळला. ‘‘पळू दे. कवडसा त्याच्या अंगावर राह्यला म्हणजे झालं. चार-पाच किलोमीटर पळतंय हे मांजर.’’

‘‘पण मावशी, त्या रणगाड्यांच्या अंगावर दारूच्या विटा असतात असं साहेब म्हणाले. काही आपटलं की वीटच फुटते, येणाऱ्याला बाहेरच उडवते.’’

‘‘म्हणून तर ह्याच्या पोटात दोन बार. एकाम्होरं एक. नारळ आधी सोलायचा आन् मग फोडायचा, तसं. पहिला बार विटंला, दुसरा पोलादाला. येका दमात दोन्ही.’’

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते. मी तिची चूक काढायची म्हणून विचारलं, ‘‘आणि कवडसा धरणाऱ्याचा हात हलला तर?’’

तिनं माझ्याकडं बघितलं आणि मनगटाला एक झटका दिला. कवडसा छतावर गेला. बोका झेपेतच गोंधळला आणि संदीपच्या चहात पडला. शॉप हसून हसून लोळलं.

‘‘मग आसं व्हतं,’’ ती म्हणाली. ‘‘लागंपर्यंत धरून ठेवायचं नाना. मधी सोडलं की गेलं.’’

हे सगळं साहेब बोलत होते तेव्हाच मला समजलं होतं. मी बोललो नव्हतो एवढंच. पण त्या दिवसापासून शॉपमध्ये कोणाला काही अडलं की तो भागीबाईच्या टेबलाकडं जायला लागला. पूर्वी माझ्या लेथकडं यायचा.

आता खंडेनवमीचं लिहायला पाहिजे. इथं पेन जड होतंय, पण लिहितो.

खंडेनवमीला आम्ही मशिनी धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा करतो. लेथ, ड्रिल, व्हर्नियर, सगळ्यांना हळदकुंकू. त्या वर्षी भागीबाईनं बारा रिंगा तपासून, कापडात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून कागदी पट्टी चिकटवून ठेवल्या होत्या. दसरा झाला की माल जायचा होता. पूजा आटपून सगळे प्रसादाला मागच्या शेडमध्ये गेले. मी माझ्या लेथपाशी उभा होतो. मनात आलं, खंडेनवमी शस्त्रांची. ह्या शॉपमध्ये खरं शस्त्र कोणतं? लेथ हे हत्यार झालं. शस्त्राला लागणारी वस्तू त्या पेटीत आहे, आणि तिलाच पूजा नाही. रिंग माझी, आणि तिच्यावर पट्टी चिकटवणारी ही कोण?

मी पट्टी हलक्या हातानं सोडवली. वरची रिंग काढली, ओल्या कुंकवात बोट बुडवलं आणि रिंगच्या कडेला टिळा लावला. हात जोडले. रिंग परत गुंडाळली, पट्टी परत चिकटवली. मला फार बरं वाटलं होतं.

दसऱ्यानंतर भागीबाईनं पेटी हातात घेतली, पट्टीवरून बोट फिरवलं आणि थांबली. तिनं पेटी उघडली. वरच्याच रिंगला टिळा. कुंकू वाळून त्याचे कण जिथं काच बसते त्या खाचेत उतरले होते. त्या खाचेत धुळीचा कण चालत नाही. काच तिरकी बसली की नजर तिरकी. बारा रिंगा उघडाव्या लागल्या, धुवाव्या लागल्या, पुन्हा तपासाव्या लागल्या. धुताना ह्या एकीच्या खाचेला ओरखडा आला, ती बाद झाली. माल वेळेवर गेला नाही. शेठना फोनवर काय काय ऐकावं लागलं ते आम्ही केबिनच्या काचेतून बघत होतो.

शेठ बाहेर आले. ‘‘पेटी कोणी उघडली?’’

कोणी बोललं नाही. मीही नाही. मी बोलणार होतो. पण संदीप तिथं उभा होता, आणि ती पांढऱ्या कोटात उभी होती, आणि जीभ उचलली नाही.

‘‘भागीबाई, तुम्हाला माहितीय?’’

माझ्या उजव्या हाताच्या, टिळा लावलेल्या बोटावर आडवा व्रण आहे, तरुणपणी लेथवरच्या धातूच्या चिपनं कापलेला. टिळ्यात तो व्रण स्वच्छ उमटला होता. रिंग धुण्याआधी ती तिनं डोळ्याशी धरली होती, मी पाहिलं होतं. आता ती कागदाकडं बघत म्हणाली, ‘‘शेठ, दोष लिवलाय. खाचंत कुंकू, पीस बाद. नावाचा खण नाय.’’

सगळे पांगले. ती बाद रिंग घेऊन माझ्या लेथपाशी आली, ट्रेमध्ये ठेवली आणि हळूच म्हणाली, ‘‘लेकीला कुंकू लावूनच पाठवत्यात नाना. पण हिच्या डोळ्यात गेलं.’’

एवढंच बोलली. मला तिचा राग आला. शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. पेटी मी उघडली होती, हे मी शेठना आजपर्यंत सांगितलेलं नाही. आता ते इथं वाचतील. वाचू द्या. त्या कागदाला नावाचा खण नव्हता, ह्या लेखाखाली माझं नाव छापून येणार आहे.

थोड्याच दिवसांत चाचणी बघायचे पास आले. नगरकडच्या लष्करी रेंजवर क्षेपणास्त्र सोडून बघणार होते आणि आमच्या शॉपला दोन माणसांची परवानगी मिळाली होती. एक शेठ. दुसरा कामगारांतला. मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. बायकोला सांगून टाकलं. शेजाऱ्यांनाही, नुसतं ‘नगरला जायचंय’ एवढं.

शेठनी मला आत बोलावलं. ‘‘नाना, ह्या वेळेला भागीबाईंना नेतोय.’’

मी म्हणालो, ‘‘रिंग मी करतो.’’

‘‘हो. पेटी कोणी उघडली ते मला माहीत नाही, विचारणारही नाही. पण बंद पेटी कोणावर सोडून जावी, ते मला त्या दिवशी कळलं.’’

मी बाहेर आलो. त्या दिवशी एकही रिंग नीट निघाली नाही. आवळलेल्या असताना सगळ्या गोल होत्या.

भागीबाई गेली आणि आली. जेवणाच्या सुट्टीत सगळे तिच्याभोवती गोळा. मी लेथ चालू ठेवून पाठ करून उभा. आवाज ऐकू येत होता, ‘‘आरं थांबा, आधी नाना कुठंय?’’ ती माझ्यामागं येऊन उभी राहिली.

‘‘नाना, तुमाला एक सांगायचंय.’’

‘‘मला काम आहे.’’

‘‘तुमालाच सांगायचंय, दुसऱ्या कुणाला नाय.’’

‘‘काम आहे म्हटलं ना!’’

तिनं माझ्या लेथकडं एकदा बघितलं. मग गेली. त्या दिवशी तिनं बाकीच्यांनाही काही सांगितलं नाही. ‘‘लय मोठा आवाज झाला,’’ एवढंच. संदीप आठवडाभर तिच्या मागं लागला होता. मी त्यानंतर तिच्याशी कामापुरतंही बोललो नाही. रिंग माघारी आली तर मुकाट्यानं घ्यायचो. एक पावसाळा गेला, दुसरा गेला.

मग एका सकाळी ती स्वतःच शेठच्या केबिनमध्ये गेली. तिनं आदल्या दिवशी पास केलेली एक रिंग तिच्याच मनाला खटकली म्हणून तिनं संदीपला भिंग लावायला सांगितलं होतं. बर निघाली. तिला साखरेचा आजार होता, बोटाची जाणीव कमी होत चालली होती. शेठ म्हणाले, बसून राहा, नव्या पोरींना शिकवा. ती म्हणाली, ‘‘ज्या बोटाला स्वतःला कळंना ते दुसऱ्याला काय शिकवणार? हा पीस बाद, शेठ.’’ पांढरा कोट धुऊन, घडी घालून टेबलावर ठेवला.

निरोपाच्या चहाला मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी मात्र जुन्या सीबीएस बसस्टँडवर गेलो. आदल्या दिवशी शॉपमध्ये आणि घरी सांगून ठेवलं होतं, चांदवडला भावाकडं चाललोय. सुरगाण्याची गाडी लागलेली होती. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर पिशवी. मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो.

‘‘चांदवडची गाडी तिकडं लागती नाना.’’

‘‘माहितीय मला.’’

गाडीत माणसं चढत होती. कंडक्टर चहा पीत होता. मी टपऱ्यांकडं तोंड केलं. मग विचारलं, ‘‘कसं दिसलं?’’

काय ते तिला सांगावं लागलं नाही.

‘‘मला नाय दिसलं,’’ ती म्हणाली. ‘‘मांडवात दोन टीव्ही व्हते. येकात फोडायचा लांबचा जुना रणगाडा. दुसऱ्यात आपल्या रणगाड्याच्या आत बसलेला कवडसा धरणारा. समदे रणगाड्याकडं बघत व्हते. मी ह्याच्याकडं. जवान पोरगा. ओठ दाबून, दम धरून बसला व्हता. तोफ सुटली, आख्खा मांडव हादरला. त्याची मान नाय हालली. टाळ्या पडल्या तवा मला कळलं, लागलं म्हणून.’’

‘‘एवढ्या लांब जाऊन तेच बघितलंस?’’

‘‘तुमी शेवटचा हात मारताना आसंच ओठ दाबता. मला वाटलं, नानाच बसल्यात आत. हेच सांगाया आले व्हते त्या दिवशी.’’ ती हसली. ‘‘तुमी लेथ चालू ठेवला व्हता. चकात काय नव्हतं.’’

 पास माझा होता, हे मी त्या क्षणीही मनात म्हणत होतो आणि आजही म्हणतो. पण ते तिथं तोंडातून निघालं नाही.

ड्रायव्हर चढला. गाडी थरथरायला लागली. बोलताना तिचं बोट खिडकीच्या पत्र्याच्या कडेवरून फिरत होतंच. ते एका जागी थांबलं, मागं आलं, पुन्हा पुढं गेलं.

‘‘नाना, हितं बर हाय का बघा. मला कळंना.’’

मी टाचा उंचावल्या आणि व्रणाचं बोट त्या कडेवरून नेलं. पत्रा उलटा दुमडलेला होता, एका जागी उचकटलेला. लागलं मला.

‘‘हाय,’’ मी म्हणालो. ‘‘हितं. बोटभर जागा सोड.’’

कंडक्टरनं बेल मारली. गाडी मागं आली, वळली, फाटकाकडं निघाली. ती माझ्याकडं बघत नव्हती, समोर बघत होती, नेहमीसारखी मान जरा खाली. हात तेवढा खिडकीवर होता. बोट कडेवरून चालत यायचं, मी दाखवलेल्या जागेपाशी आलं की उचललं जायचं, आणि बोटभर पुढं टेकायचं. गाडी रस्त्याला लागेपर्यंत मला ते दिसत होतं.